आजारपणाचा खाडा कोणाच्या नावावर?

मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघणाऱ्या कुटुंबांच्या हिशेबात ‘खाडा’ नावाची एक रक्कम असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्या कोयत्याने हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दोघांपैकी कोणीही एक दिवस फडात उतरले नाही तर त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, शिवाय दंडाची रक्कम उचलीच्या खात्यावर चढते. अंगात ताप होता, पाठ धरली होती की पाळीचा त्रास होता, याची नोंद मुकादमाच्या वहीत होत नाही. तेथे फक्त खाडा लिहिला जातो. औद्योगिकदृष्ट्या पुढारलेल्या बहुतेक देशांत आजारी कामगाराला मालक किंवा विमा निधी पगार देतो. येथे आजारी मजूरच मालकपक्षाला पैसे देतो.

या व्यवस्थेची परिणती कोठवर जाते हे महाराष्ट्राला २०१९ मध्ये कळले. राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. या शस्त्रक्रियांमागे नफेखोर वैद्यक होते, अज्ञान होते, बालविवाह आणि अकाली बाळंतपणे होती, हे सर्व खरे. परंतु पाळीच्या दिवसांत किंवा पोटदुखीत काम बुडाले तर खाडा पडतो, ही भीती त्या साऱ्यांच्या मुळाशी होती. दोन दिवसांची रजा मिळत नाही म्हणून शरीराचा अवयव कायमचा काढून टाकावा लागणे, ही घटना सुसंस्कृत म्हणवणाऱ्या राज्याच्या कामगार कायद्यांवरील कठोर अभिप्राय आहे.

तेव्हा पगारी आजारी रजेचा प्रश्न हा सवलतींच्या यादीतील एक किरकोळ कलम नव्हे. आजारपणाचा खर्च समाजाने उचलायचा, उद्योगाने उचलायचा की ज्याच्या हाती श्रमाखेरीज काहीच नाही त्याच्याच माथी तो मारायचा, असा हा प्रश्न आहे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आल्या. जुन्या २९ कायद्यांच्या जागी आलेल्या या संहितांचा आधुनिकतेचा डंका मोठा आहे. तथापि सर्व कामगारांना लागू होईल असा पगारी आजारी रजेचा सरसकट हक्क त्यांपैकी एकीतही नाही. म्हणूनच या विषयावरील वाद नव्याने आणि निर्धाराने उभा करण्याची वेळ आली आहे.

जुनी मागणी

ही मागणी परदेशातून उसनी आणलेली आहे असा आक्षेप मालकांच्या संघटना अधूनमधून घेतात. त्यांना मुंबईचा इतिहास ठाऊक नसावा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे जे निवेदन तयार केले, त्यात आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्यांबरोबरच आणखी एक मागणी होती. काम करताना गंभीर इजा झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो कायमचा पंगू होईल त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, असे त्या निवेदनात म्हटले होते. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. मात्र बरा होईपर्यंत पगार, या मागणीची वाट अद्याप अर्धीही सरलेली नाही.

पुढे १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूति-लाभाचा कायदा झाला. त्याआधी कायदेमंडळात झालेल्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी बाजू मांडून विधेयकाला पाठिंबा दिला होता. व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री असतानाच प्रा. बी. पी. अदारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये सादर केला. त्या अहवालाच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथून योजनेस प्रारंभ झाला. आजारी कामगाराचा पगार हा मालकाच्या मर्जीचा नव्हे तर कायद्याचा विषय आहे, हे तत्त्व स्वतंत्र भारताने आपल्या पहिल्याच वर्षात स्वीकारले होते. आज मागणी आहे ती त्या तत्त्वाची व्याप्ती वाढवण्याची.

कायद्याचे कुंपण

या तत्त्वाचा लाभ प्रत्यक्षात किती जणांपर्यंत पोहोचतो? कर्मचारी राज्य विमा योजनेत, ज्या योजनेला कामगारवस्तीत ‘ईएसआय’ म्हणूनच ओळखतात, आजारी कामगाराला वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षातून ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळतो. दोन वर्षे विमाधारक राहिलेल्या कामगाराला क्षयासह ३४ दीर्घकालीन रोगांत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत आधार मिळू शकतो. ही तरतूद निःसंशय मोलाची आहे. परंतु तिच्याभोवती तीन कुंपणे आहेत.

पहिले कुंपण आस्थापनेच्या आकाराचे. दहापेक्षा कमी माणसे कामाला ठेवणारी दुकाने, वर्कशॉप आणि कारखाने सामान्यतः या योजनेबाहेर राहतात. नव्या संहितेनेही तेथील सहभाग ऐच्छिकच ठेवला आहे. दुसरे कुंपण वेतनमर्यादेचे. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ रोजी २१,००० रुपये ठरवण्यात आली आणि पुढे आठ वर्षे उलटली तरी ती जागची हलली नाही. महागाई भत्ता वाढला की कामगाराचा आकड्यांतील पगार वाढतो आणि तेवढ्याने त्याचे विम्याचे छत्र निघून जाते. तिसरे कुंपण पहिल्या दोन दिवसांचे. १९४८ च्या कायद्यानुसार आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ मिळत नाही. अपवाद फक्त पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आलेल्या आजाराचा. सर्दी-ताप, जुलाब, डोळे येणे हे कामगाराचे नेहमीचे आजार बहुधा दोन-तीन दिवसांचेच असतात. म्हणजे जो आजार वारंवार येतो तोच विम्याच्या हिशेबात धरला जात नाही.

कारखान्यांच्या कायद्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा आहे, ती पुरेशी नाही काय, असा प्रश्न विचारला जातो. ही रजा विश्रांतीची आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ती मिळवण्यासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत. नव्या संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली, एवढी सुधारणा मान्य केली पाहिजे. तथापि ज्या कंत्राटी कामगाराला पाच-सहा महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन नव्याने भरती केले जाते त्याला १८० दिवसही दूरच राहतात. शिवाय आजारपणात हीच रजा वापरावी लागली तर विश्रांतीचा हक्क संपतो. वर्षाकाठी पंधरा दिवस गावी जाऊन आईबापांना भेटण्याची रजा हिवतापात खर्ची पडावी, ही व्यवस्था न्यायाची नव्हे.

दुकानांच्या क्षेत्रात राज्याराज्यांतील विषमता पाहण्यासारखी आहे. तामिळनाडूच्या १९४७ च्या आणि कर्नाटकाच्या १९६१ च्या कायद्यांनी आजारपणासाठी वर्षातून १२ दिवसांपर्यंत रजा दिली. दिल्लीच्या १९५४ च्या कायद्याने आजारी व नैमित्तिक मिळून १२ दिवस दिले. कामगार चळवळीचे माहेरघर म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने २०१७ च्या कायद्यात आठ दिवसांची नैमित्तिक रजा दिली, पण आजारपणाच्या रजेचा स्वतंत्र उल्लेखही केला नाही. आणि तो कायदा मुळातच दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरता राहिला. त्यावर ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने जे बदल मंजूर केले त्यांत दुकानांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांवर, कारखान्यांतील दिवस नऊवरून बारा तासांवर नेण्याची तरतूद होती आणि दुकानांच्या बाबतीत दहाऐवजी वीस कामगारांची मर्यादा होती. दिवस लांबवायचा, संरक्षणाची कक्षा आक्रसायची आणि थकून आजारी पडणाऱ्याला मोकळ्या हाताने घरी पाठवायचे, असा हा तिहेरी कार्यक्रम आहे.

याउलट जेथे शासन स्वतः मालक आहे तेथील नियम पाहावेत. केंद्रीय नोकरांना १९७२ च्या रजा नियमांनुसार अर्जित रजेखेरीज वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा मिळते आणि वैद्यकीय कारणासाठी ती पूर्णपगारी रजेत रूपांतरित करता येते. श्रमिक पत्रकारांना १९५५ च्या आणि औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींना १९७६ च्या कायद्याने वैद्यकीय दाखल्यावर अर्ध्या पगाराची रजा दिली. हे हक्क योग्यच आहेत. मुद्दा एवढाच की आजारपणात पगार देता येतो हे भारतीय कायद्याला पूर्वीपासून मान्य आहे. तो कोणाला द्यायचा याची निवड मात्र कामाच्या कष्टांवरून झालेली नाही, संघटित बळावरून झालेली आहे. जो जास्त वाकतो, उचलतो, धूळ खातो, तोच या निवडीत वगळला गेला आहे.

आक्षेप आणि उत्तरे

रजेचा गैरवापर होईल, खोटे दाखले येतील, हा मालकपक्षाचा सर्वांत लाडका आक्षेप. एखादा कामगार रजेचा गैरफायदा घेईल हे नाकारण्याचे कारण नाही. प्रवासभत्त्याचा आणि करसवलतींचा गैरफायदा घेणारे व्यवस्थापकही असतात आणि त्यांच्यामुळे भत्ते रद्द झाल्याचे ऐकिवात नाही. याहून गंभीर गोष्ट अशी की उलट्या दिशेचा गैरवापर रोज चालू आहे आणि त्याची मोजदाद कोणी करीत नाही. अंगात ताप असताना यंत्रावर उभा राहणारा कामगार आपली बोटे धोक्यात घालतो. खोकत खोकत खानावळीत पोळ्या लाटणारी बाई आपला आजार शंभर ताटांत वाढते. २०२० च्या साथीने हे सर्वांना शिकवले होते. त्या वर्षी २९ मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाने टाळेबंदीच्या काळातील पगार कापू नयेत असा आदेश काढला आणि मे महिन्याच्या मध्यावर तो मागेही घेतला. संकट संपण्याआधी संरक्षण संपले. आदेशावर उभा असलेला हक्क आदेशानेच पडतो. तो कायद्यात असता तर पन्नास दिवसांत गुंडाळता आला नसता.

क्षयरोगाच्या बाबतीत ही विसंगती अधिकच ठळक दिसते. क्षयनिर्मूलनाच्या घोषणा होतात. रुग्णाच्या आहारासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये दिले जातात. पण उपचारांचे पहिले आठवडे रोजंदारीच्या मजुराने कोणत्या आधारावर घरी काढावेत? हजार रुपयांत महिना निघत नाही. तो कामावर जातो, गोळ्यांनी मळमळते म्हणून गोळ्या सोडतो, आणि पुढचा क्षय औषधांना न जुमानणारा होतो. तेथे रजेचा पगार हा औषधोपचाराचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप लहान मालकाच्या कुवतीचा. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाच माणसांच्या वर्कशॉपमध्ये एक माणूस पंधरा दिवस आजारी पडला तर मालकाची खरोखर ओढाताण होते. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष रजा नको असा नसून तिचा भार एकट्या मालकावर नको असा आहे. हिशेब करून पाहावा. वर्षात कामाचे ३०० दिवस धरले तर १२ दिवसांची रजा प्रत्येकाने पूर्ण घेतली तरी खर्च वेतनाच्या चार टक्क्यांवर जात नाही. आणि शासनाने जुलै २०१९ मध्ये विमा योजनेतील मालकांची वर्गणी वेतनाच्या ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर आणली तेव्हा दीड टक्क्याची जी सूट दिली, ती प्रत्येक विमाधारक कामगारामागे वर्षाला सुमारे साडेचार दिवसांच्या वेतनाइतकी होते. मालकांना देताना जी तिजोरी परवडते, ती कामगाराला देताना एकाएकी रिकामी कशी होते?

तिसरा आक्षेप रोजगार घटेल हा. प्रत्येक कामगार कायद्याच्या वेळी हे भाकीत झालेले आहे. रविवारच्या सुट्टीने गिरण्या बुडतील असे सांगणारे लोकही होते. मुंबईच्या गिरण्या शतकानंतर बुडाल्या त्या सुट्टीमुळे नव्हे. यंत्रसामग्रीत गुंतवणूक न करता नफा अन्यत्र वळवल्यामुळे आणि जमिनीच्या भावांमुळे.

परदेशातील अनुभव येथे उपयोगी पडतो. पश्चिम जर्मनीत कारकून वर्गाला आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळत असे. कामगाराला मात्र पहिल्या दिवसांचे काहीच मिळत नसे आणि पुढेही कमी मिळे. श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतातील ३० हजारांहून अधिक धातुकामगारांनी ऑक्टोबर १९५६ मध्ये संप पुकारला आणि तो ११४ दिवस चालवला. मुख्य मागणी पगारवाढीची नव्हती; आजारपणात कामगार आणि कारकून समान माना, ही होती. त्या लढ्यानंतर १९५७ मध्ये कायदा सुधारला आणि १ जानेवारी १९७० पासून कामगारांना सहा आठवड्यांचा पूर्ण पगार मिळू लागला. १९९६ मध्ये उजव्या सरकारने तो ८० टक्क्यांवर आणला. कामगार रस्त्यावर उतरले आणि १९९९ मध्ये पूर्ण पगार परत आला. या साऱ्या काळात जर्मन उद्योग जगात अग्रेसर राहिला. मिळालेला हक्क कायमचा नसतो, हाही धडा त्या इतिहासात आहे.

मार्ग महाराष्ट्रातच आहे

विखुरलेल्या, रोज नव्या मालकाकडे राबणाऱ्या मजुराला पगारी रजा द्यायची तरी कोणी, असा प्रश्न उरतो. याचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ मध्येच शोधून काढले आहे. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांच्या कायद्याने मंडळे स्थापन झाली. हमाल एका दिवसात चार व्यापाऱ्यांचा माल उचलतो, पण प्रत्येक व्यापारी मजुरीबरोबर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतो आणि त्या निधीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस व पगारी रजा यांची तरतूद होते. एकच मालक नसला तरी कामगाराला रजेचा पगार मिळू शकतो, हे या कायद्याने सिद्ध केले. पुण्याच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांनी हे कागदावरचे कलम बाजारातल्या पाठीपर्यंत नेले.

हीच रीत घरेलू कामगार, बांधकाम मजूर आणि ऊसतोड मजूर यांना लावता येईल. घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. मंडळे आहेत, पण त्यांच्याकडे आजारपणाच्या पगाराचे काम सोपवलेले नाही. मोबाईलवरून ग्राहकाचे सामान पोहोचवणाऱ्या तरुणांसाठी नव्या संहितेने कंपन्यांच्या उलाढालीवर एक ते दोन टक्के वर्गणीची तरतूद केली आहे. त्या निधीवर पहिला हक्क आजारपणाच्या आणि अपघाताच्या दिवसांचा असला पाहिजे.

या दृष्टीने मागण्यांचा मसुदा स्पष्ट असावा. प्रत्येक कामगाराला, आस्थापना कितीही लहान असो, वर्षाला किमान १२ दिवस पगारी आजारी रजा, दरमहा एक दिवस या दराने पहिल्या महिन्यापासून जमा होणारी. दोन दिवसांपर्यंत दाखल्याची सक्ती नको, कारण दाखल्याची फी आणि रांगेत मोडलेला दिवस यांचा खर्च मजुरीहून मोठा होतो. लहान आस्थापना आणि अनेक मालकांचे कामगार यांच्यासाठी माथाडी पद्धतीचा लेव्ही निधी. विमा योजनेतील पहिल्या दोन दिवसांची वगळणूक रद्द आणि वेतनमर्यादा महागाईशी जोडलेली. आणि खाड्याच्या दंडावर फौजदारी बंदी. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणाबाहेर जाता कामा नये हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यापासून या देशात आहे. फडातल्या स्त्रीलाच ते का लागू होऊ नये? कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पाळीसाठी महिन्याला एक पगारी रजा मंजूर केली. त्या निर्णयाचा लाभ फक्त कार्यालयांतील स्त्रियांना न मिळता फडापर्यंत पोहोचेल, अशी मागणी सीमेच्या दोन्ही बाजूंनी झाली पाहिजे, कारण ऊसतोड स्त्री सीमा ओलांडूनच राबते.

चळवळीपुढील काम

यात संघटित कामगारांच्या युनियनांची कसोटी आहे. करारांच्या वाटाघाटीत त्यांनी कायम कामगारांसाठी आजारी रजा मिळवली आणि कित्येक ठिकाणी न वापरलेल्या रजेचे पैसेही मिळवले. परंतु त्याच शेडमध्ये त्याच यंत्रावर उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराचे नाव त्या करारात नसते. केंद्राच्या श्रमबल पाहण्या वर्षानुवर्षे दाखवत आल्या आहेत की नियमित वेतनावरील कामगारांपैकीही जवळपास निम्म्यांना कोणतीच पगारी रजा नाही. रोजंदारीवरील मजूर तर या मोजणीतही नाहीत. कायम कामगाराची रजा आणि कंत्राटी कामगाराची कपात एकाच भिंतीआड नांदू लागली की पुढच्या करारात मालक पहिल्याची रजा दुसऱ्याच्या पातळीवर आणण्याचा प्रयत्न करतो. म्हणून ही मागणी उदारपणाची नसून स्वसंरक्षणाची आहे.

रजेपेक्षा मजुरी वाढवा, घरी राहायचे की नाही ते कामगार ठरवील, असे म्हणणारेही चळवळीत आहेत. मजुरी वाढलीच पाहिजे. पण रोजच्या मजुरीतून आजारपणाची शिल्लक टाकता येईल अशी मजुरी ज्याला मिळते त्याला हा प्रश्नच पडत नाही. ज्याला मिळत नाही त्याच्या घरात आजारपण सावकाराचे दार उघडते आणि एका तापाचे कर्ज पुढच्या दोन हंगामांच्या उचलीत बसते.

कार्यकर्त्यांनी प्रत्येक तालुक्यात, औद्योगिक वसाहतीत आणि बाजार समितीत ही नोंद सुरू करावी: गेल्या वर्षात कोणाचे किती दिवस आजारपणात गेले, किती मजुरी बुडाली, किती दंड पडला, कर्ज कोणाकडून काढले. नावे उघड न करता हे तक्ते येत्या कामगारदिनी जाहीर सभेत वाचावेत आणि त्या त्या मतदारसंघाच्या आमदाराच्या हाती द्यावेत. लोखंडे यांनी साडेपाच हजार सह्या गोळा केल्या तेव्हा कामगारांजवळ मताचा अधिकार नव्हता, युनियनचा कायदा नव्हता, संविधान नव्हते. आज या तिन्ही गोष्टी आहेत. नाही तो फक्त आग्रह, आणि तो निर्माण करणे हे पक्षाच्या कार्यकर्त्याचे काम आहे.